पुस्तक पुरं होतं

मार्च-एप्रिलच्या परीक्षांना आमच्या कॉलेजात दुपारचं सत्र नकोसं होतं. पत्रे तापलेले, पंखे फिरतात पण वारा गरमच, आणि खिडकीबाहेरच्या कडुलिंबाचा मोहर उडून बाकांवर येऊन पडतो. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी बी.ए.च्या अर्थशास्त्राच्या पेपरला मी सुपरव्हिजनवर होते. पेपर सुटायला पाऊण तास उरला असताना तिसऱ्या रांगेतल्या मुलीने हात वर केला. पुरवणी हवी असेल म्हणून मी ती घेऊनच गेले, तर तिने प्रश्नपत्रिका पुढे सरकवली. आधी इंग्रजी प्रश्न, मागच्या पानांवर तेच मराठीत. मागणीच्या लवचिकतेचं, म्हणजे किंमत बदलली की मागणी त्याच्या किती पट बदलते याचं, एक गणित होतं. इंग्रजीत वस्तूची किंमत २० रुपयांवरून १६ वर आली होती, मराठीत २० वरून १८ वर. मागणी दोन्हीकडे १०० नगांवरून १३० झालेली. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याचं उत्तर दीड येणार आणि मराठी वाचणाऱ्याचं तीन. दोन्ही उत्तरं चोख येतात, कुठे अडत नाही, त्यामुळे सोडवताना शंका यायचंही कारण नाही. ती मराठीवरून गणित सोडवून मोकळी झाली होती. नंतर सहज पानं चाळताना तिच्या लक्षात आलं. "मॅडम, यातलं कोणतं धरायचं?" मी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक टायपात छापलं होतं, संदर्भासाठी मूळ इंग्रजी प्रश्नपत्रिका पाहावी. तिने ती ओळ वाचली, लिहिलेल्या पानावर तिरकी रेघ मारली आणि गणित नव्याने मांडायला घेतलं. रेघ मारता मारता, मान वर न करता, तिने विचारलं, "मग मराठी छापतात कशाला?"

मी वरिष्ठ पर्यवेक्षकांना बोलावलं, त्यांनी नोंद घेतली, वर कळवलं गेलं. व्हायचं ते रीतसर झालं. तिचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला आणि अजून गेलेला नाही, कारण त्याचं उत्तर मला माहीत आहे. मराठी छापतात ती सोय म्हणून. सोय देणाऱ्याच्या मर्जीवर असते; ती चुकली तर दाद मागायची जागा नसते. महाराष्ट्रातली बरीच विद्यापीठं कागदावर द्विभाषिक आहेत. कला-वाणिज्याच्या विद्यार्थ्याला मराठीत उत्तरं लिहायची मुभा आहे, प्रश्नपत्रिका दोन भाषांत निघते, सामाजिक शास्त्रांत पीएच.डी.चा प्रबंधसुद्धा मराठीत देता येतो. ही मुभा सुखासुखी मिळालेली नाही, तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं आहेत, आणि ती नसती तर आमच्या तालुक्यातली निम्मी मुलं पदवीपर्यंत पोचलीच नसती, हे मी रोज बघते. पण मुभा म्हणजे तू लिही, मी तपासतो. जबाबदारी घ्यायची तर तू लिहावंस म्हणून जे जे लागेल ते मी पुरवायला हवं: पुस्तकं, शिक्षक, कोश, ग्रंथालयातलं कपाट, आणि छापताना आकडा चुकला तर त्याची भरपाई. आपल्या विद्यापीठांनी मराठीला ओसरीवर बसायला जागा दिली, माजघरात कधी बोलावलं नाही.

आमच्या वर्गात येऊन बसलात तर माध्यम नावाची गोष्ट तुम्हाला शोधूनही सापडायची नाही. मी फळ्यावर दोन अक्ष काढते आणि बोलते, "डिमांड कर्व्ह डावीकडून उजवीकडे खाली उतरतो, कारण टोमॅटो स्वस्त झाला की आपली आई अर्ध्या किलोच्या जागी एक किलो घेते." मुलं डिमांड कर्व्ह देवनागरीत लिहितात, कारण मराठीत, आकृतीवरची अक्षरं इंग्रजीत. केंद्रीय मूल्यांकनाला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे फोडले की हेच जसंच्या तसं कागदावर आलेलं दिसतं. पहिल्या तीन ओळी इंग्रजीत असतात, गाईडमधून पाठ केलेल्या, स्वल्पविरामासकट. व्याख्या संपते तिथे इंग्रजी संपतं. मग मराठी सुरू होतं आणि त्याबरोबर सोयाबीन येतं, अडत येते, हमीभाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव येतो, बापाने माल घरातच ठेवून दिवाळीनंतर विकला ते येतं. साठवणुकीचा खर्च आणि भावाची अपेक्षा यांचं इतकं नेमकं विवेचन मी छापील पुस्तकांतही क्वचित वाचलंय. शेजारी बसलेले एक सर अशा उत्तराला पूर्ण मार्क द्यायला तयार नसतात. त्यांचं म्हणणं, मुलाने एक भाषा ठरवावी. मी त्यांच्याशी दर वर्षी भांडते, कारण त्या पानावर मला मूल विचार करताना दिसतं. आणि सरांचा मुद्दाही मला कळतो: ज्याला कुठल्याच भाषेत सलग दोन पानं लिहिता येत नाहीत, त्याला उद्या कोण उभं करणार? दोन भाषा येणं आणि दोन्ही अर्धवट येणं यांच्यातली दरी त्याच उत्तरपत्रिकेत असते, आणि ती त्या मुलाच्या आळसाने पडलेली नसते.

माझ्या आबांनी, म्हणजे वडिलांच्या वडिलांनी, ज्या विद्यापीठात शिक्षण घेतलं तिथे असा घोळ नव्हता. ते निजामाच्या हैदराबादेतल्या उस्मानिया विद्यापीठाचे. परभणीकडच्या खेड्यातला, घरी मराठीशिवाय दुसरं काही कानावर न पडलेला मुलगा मिडल स्कूलपासून उर्दूत शिकला, औरंगाबादच्या उस्मानिया इंटरमीडिएट कॉलेजात इंटर झाला आणि चाळीसच्या दशकात बी.एस्सी.साठी हैदराबादेत गेला. पदार्थविज्ञान उर्दूत, रसायन उर्दूत, गणित उर्दूत. मी आठवी-नववीत असताना भूमिती शिकवायला ते बसायचे. प्रमेय वाचलं की क्षणभर डोळे मिटून ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे, मुसल्लस, जाविया, कायमा, आणि मग डोळे उघडून मला मराठीत त्रिकोण समजावून सांगायचे. पाढे मात्र कायम मराठीत. बे एके बेची चाल त्यांच्या आईकडून आलेली. त्यांच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवलेली उर्दू पुस्तकं. जाड, उजवीकडून उघडणारी, कागद पिवळा पडून तपकिरी झालेला, आणि समासात पेन्सिलीने मराठीत केलेल्या खुणा. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं की परक्या भाषेत शिकताना त्रास नाही झाला? त्यांचं उत्तर मी पुढे किती वेगवेगळ्या वेळी आठवलं असेल.

"भाषा परकी होती, पण पुस्तक पुरं होतं."

पुस्तक पुरं होतं याचा अर्थ मला कॉलेजात शिकवायला लागल्यावर कळला. उस्मानिया १९१८ साली सुरू झालं, पण त्याच्या आधी, १९१७ मध्ये, हैदराबादेत भाषांतराचं खातं उभं राहिलं होतं: दारुल तर्जुमा. क्रम बघा. आधी पुस्तकं, मग वर्ग. संस्थानच्या सेवेतल्या अकबर हैदरींनी विद्यापीठाची योजना मांडली, निजाम मीर उस्मान अली खानाने फर्मान काढलं आणि तिजोरी उघडली. ज्यांना उर्दू जग बाबा-ए-उर्दू म्हणतं ते मौलवी अब्दुल हक या खात्याचे पहिले प्रमुख. त्यांची कितीतरी वर्षं औरंगाबादेत गेली, तिथल्या कॉलेजचे ते प्राचार्य होते. मिर्झा हादी रुसवांसारखे कादंबरीकार आणि जोश मलिहाबादींसारखे कवी या खात्यात पगारी नोकरीत होते. विषयाचा जाणकार भाषांतर करायचा, भाषेचा जाणकार ते तपासायचा, परिभाषेसाठी समिती बसायची, आणि शब्द ठरला की तो सगळ्या पुस्तकांत तसाच जायचा. शेकडो पुस्तकं तयार झाली. वैद्यक उर्दूत, इंजिनिअरिंग उर्दूत. आणि त्याबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याला इंग्रजी सक्तीचं. आबांचं इंग्रजी माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. ब्रिटिश हिंदुस्थानातली विद्यापीठं देशी भाषेला बी.ए.च्या वर्गात बसू द्यावं की नाही यावर खल करत होती, तेव्हा हैदराबादेत देशी भाषेतून शल्यक्रिया शिकवली जात होती, हे आजही मला विलक्षण वाटतं.

पण ही गोष्ट इथे थांबवली तर ती खोटी होईल. त्या राज्यात उर्दू घरात बोलणारे थोडे होते. बाकी प्रजा तेलुगू, मराठी, कानडी. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला शिकायचं तर त्याने आधी राजाची भाषा शिकायची. मराठी शाळा काढायला परवानग्या लागत, आणि त्या मिळवता मिळवता माणसं थकून जात. १९३८ साली औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत मुलांनी वंदे मातरम्‌ म्हटलं, बंदी झुगारली, आणि शेकडो मुलांना काढून टाकलं गेलं. त्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. उर्दूतून शिकलेली मुलं एका रात्रीत इंग्रजी विद्यापीठात जाऊन पडली. आबा त्यांच्यापेक्षा लहान, पण त्यांच्या वडीलभावाच्या मित्रांपैकी काही त्यात होते, आणि हा विषय निघाला की आबांचा आवाज चढायचा. मग थोड्या वेळाने तेच ट्रंकेतलं पुस्तक काढून त्यावरून हात फिरवत बसायचे. दोन्ही गोष्टी त्यांच्यात एकत्र नांदत होत्या आणि त्यांतली एक खोडून दुसरी ठेवायची गरज त्यांना कधी वाटली नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, संस्थान गेलं, आणि थोड्याच काळात उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं. इतकी मोठी उभारणी इतक्या लवकर कशी गेली? लोक तिच्या बाजूने उभे राहिले नाहीत म्हणून. कपाटं भरलेली होती, पण ती भाषा त्या मुलखातल्या बहुसंख्य लोकांची नव्हती, आणि जुलमाची आठवण तिला चिकटलेली होती. आबा तोवर तहसिलीत लागले होते. त्यांच्या नोकरीत दप्तर आधी उर्दूत होतं, मग इंग्रजीत झालं, १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० नंतर मराठी आली. निवृत्त होईतो त्यांच्या हाताखालच्या पोरांना खासरा पाहणीचे, म्हणजे जमिनीच्या नोंदींचे, जुने कागद वाचता येईनासे झाले होते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकाळातल्या कागदांचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना गावोगाव मागणी आली. आमच्या घरीही माणसं विचारत आली. आबा जाऊन बराच काळ लोटला होता, आणि ते गेल्यावर घरात ती लिपी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. आलेल्या गृहस्थांच्या हातात त्यांच्या पणजोबांचं नाव असलेला कागद होता, आणि तो वाचून घ्यायला त्यांना तालुक्याला जावं लागलं.

उस्मानियाच्या दोन वर्षं आधी पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी दुसरा प्रयोग मांडला. १९१६ चं महिला विद्यापीठ, म्हणजे आजचं एस.एन.डी.टी. माध्यम मातृभाषा, आणि इंग्रजी सक्तीचा विषय. मांडणी उस्मानियासारखीच, पण इथे भाषा शिकणारीच्या घरातली होती, आणि तिजोरी नव्हती. कर्वे गावोगाव फिरून वर्गणी जमवत. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली तेव्हा विद्यापीठाला श्वास घेता आला आणि त्यांच्या आईचं नाव लागलं. तरी सरकारी कायद्याची मान्यता मिळायला १९५१ उजाडलं. म्हणजे पस्तीस वर्षं तिथली पदवी घेणाऱ्या बाईला पहिला प्रश्न हाच ऐकावा लागला असणार की ही पदवी चालते का. मला कर्व्यांच्या चिकाटीचं कौतुक आहेच, पण त्याहून जास्त त्या पहिल्या काही मुलींचं वाटतं. मान्यता नसलेल्या विद्यापीठात, मराठीतून, पुस्तकं तयार होता होताच त्या शिकल्या. हैदराबादेत कपाट होतं आणि माणसं परकी होती. पुण्यात माणसं आपली होती आणि कपाट वर्गणीवर चाललं होतं.

याहून जुनी गोष्ट हल्ली कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. मराठीतून इंजिनिअरिंग ही कल्पना २०२१ ची नाही. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या इंजिनिअर इन्स्टिट्यूशनमध्ये मराठी आणि गुजरातीतून गणित आणि भूमापन शिकवलं जाई, आणि त्यासाठी मराठीत गणिताची पुस्तकं रचून घेतली गेली होती. पुढे १८४० च्या दशकात शिक्षण मंडळात यावरूनच जुंपली. सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने, जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने, आणि जर्व्हिससोबत जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. हरले ते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक आदेशाने, देशी भाषा खालच्या शाळांसाठी आणि इंग्रजी वरच्या शिक्षणासाठी अशी वाटणी पक्की केली आणि १८५७ ला मुंबई विद्यापीठ तीच वाटणी घेऊन जन्माला आलं. सुरुवातीला परीक्षांत मराठीला थोडी जागा होती, तीही लवकरच गेली; ती परत मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे अखेरपर्यंत झटत राहिले.

स्वातंत्र्यानंतर आपल्याला एक संधी पुन्हा मिळाली होती. कोठारी शिक्षण आयोगाने १९६६ च्या अहवालात सांगितलं की साधारण दहा वर्षांत विद्यापीठांतलं शिक्षण प्रादेशिक भाषांतून व्हावं. केंद्राने विद्यापीठीय पुस्तकं तयार करायला प्रत्येक राज्याला एक कोटी रुपये द्यायचं ठरवलं, आणि आपल्याकडे नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ झालं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात या मंडळाची पुस्तकं अजून आहेत, मागच्या भिंतीशी, खालच्या फळीवर. खरबरीत कागद, साधं बांधणीचं कव्हर, आणि आतल्या पानावर आज हसू येईल इतकी कमी किंमत. मी ती एकेक करून वाचली. काही फार चांगली आहेत: लेखकाने विषय पचवून, समोर विद्यार्थी बसलाय असं धरून लिहिलेली. काही मात्र अशी, की मराठी वाक्य समजून घ्यायला आधी इंग्रजी मूळ शोधावं लागतं. पण चांगली-वाईट हा भाग नंतरचा. खरं दुखणं असं की त्यांची दुसरी आवृत्ती निघाली नाही. अर्थशास्त्र सत्तरच्या दशकात थांबतं, जीवशास्त्र सत्तरच्या दशकात थांबतं. मंडळ बंद पडलं. वाईला विश्वकोश उभा राहिला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारख्या माणसाने त्यात आयुष्य घातलं, परिभाषा कोश निघाले. ही कामं मोठी आहेत. पण विद्यार्थ्याला परीक्षेच्या आदल्या महिन्यात हातात धरायला लागतं ते पाठ्यपुस्तक, आणि ती जागा गाईडांनी घेतली. आमच्याकडची मुलं मराठी माध्यमात शिकतात म्हणजे प्रत्यक्षात गाईडांतून शिकतात.

मराठीच्या प्रेमापोटी इंग्रजीवर राग काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. मी मराठवाड्यात शिकवते. इथे डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं ते कुणासाठी, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा आपला प्रबंध लंडनसाठी इंग्रजीत लिहिला आणि त्याच सुमाराला, १९२० मध्ये, मूकनायक मराठीत काढलं. ज्यांना ऐकवायचं त्यांच्या भाषेत ते बोलले, आणि दोन्हीकडे तितक्याच ताकदीने. ज्यांच्या आजोबांना गावातल्या शाळेच्या पायरीवर बसवलं जाई, त्यांच्या नातवाला इंग्रजीचं मोल मी काय सांगणार? त्याला ते माझ्यापेक्षा नीट कळतं. माझी एक विद्यार्थिनी विद्यापीठात अव्वल आली आणि एम.ए.ला पुण्यात गेली. पहिल्या सत्रात तिचा फोन आला. म्हणाली, "मॅडम, लेक्चर समजतं हो. प्रश्न पण पडतात. पण विचारायला तोंड उघडलं की वाक्य जुळेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात." ती आता छान स्थिरावली आहे, इंग्रजीत पेपर वाचते. पण त्या वर्षभरात तिने न विचारलेले प्रश्न वर्गाने गमावले, तिने एकटीने नाही. आणि तिला इंग्रजी शिकवायचं राहिलं ते आमच्याकडे राहिलं. तीन वर्षं मराठीतून शिकवताना आम्ही तिला आठवड्याला दोन तास बसवून इंग्रजी मजकूर वाचायला शिकवू शकलो असतो, पण वेळापत्रकात तसा तास कधी कुणी ठेवलाच नाही. उस्मानियाने जे सगळ्यांना सक्तीचं केलं होतं, कर्व्यांनी जे सक्तीचं केलं होतं, ते आम्ही मराठी माध्यमाच्या मुलांना माफ करून टाकलं, आणि त्या माफीला आम्ही सवलत म्हणतो.

आता पुन्हा वारं फिरलंय. २०२१ पासून काही इंजिनिअरिंग कॉलेजांत प्रादेशिक भाषांचे वर्ग निघाले. पिंपरी-चिंचवडला मराठीतून संगणक अभियांत्रिकीची तुकडी सुरू झाली. २०२२ मध्ये मध्य प्रदेशात एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली. २०२३ च्या एप्रिलमध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, विद्यापीठांना सांगितलं की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्याला स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्या. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं. या प्रत्येक बातमीला मला आनंद झाला, अगदी मनापासून, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर काळजी वाटली. उत्तर लिहू द्या, हे पुन्हा मुभेचंच वाक्य आहे. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात विद्यार्थ्याला इंग्रजी किंवा फ्रेंच, हव्या त्या भाषेत परीक्षा लिहायचा हक्क नियमात दिलेला आहे. स्वित्झर्लंडच्या फ्रिबुर्गमध्ये जर्मन आणि फ्रेंच दोन्हींत शिकून पदवीवर तशी नोंद मिळवता येते, म्हणजे दोन भाषांत शिकणं तिथे मिरवण्यासारखं आहे. त्या देशांचा पैसा वेगळा, लोकसंख्या वेगळी, हे मान्यच. पण तिथे दोन्ही भाषांत शिकवणारी माणसं नेमलेली असतात, आणि आमच्याकडे मराठीत अर्थशास्त्राचं पुस्तक लिहिणाऱ्या प्राध्यापकाला बढतीच्या वेळी त्याचे गुण जेमतेम मिळतात. त्यापेक्षा कुठल्याशा इंग्रजी जर्नलमधला चार पानी लेख जड भरतो. मराठी अर्थशास्त्र परिषदेचं 'अर्थसंवाद' वर्षानुवर्षं मराठीतून अर्थशास्त्र छापतंय. तिथे लिहिणारी तरुण माणसं मला माहीत आहेत, आणि तिथे लिहिल्याने आपलं काही वाढणार नाही हे त्यांनाही माहीत आहे. तरी लिहितात. एवढ्या मोठ्या भाषेचं उच्च शिक्षण अशा थोड्या माणसांच्या चांगुलपणावर किती दिवस ओढायचं?

विद्यापीठाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या आमच्या अभ्यास मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तिथे मी लेखी मागणी देणार आहे. प्रत्येक पेपरच्या संदर्भयादीत मुळात मराठीत लिहिलेलं, गेल्या दहा वर्षांतलं एक तरी पुस्तक असावं, आणि ते नसेल तर विद्यापीठाने ते लिहवून घ्यावं. लिहिणाऱ्या शिक्षकाचे आठवड्यातले चार तास कमी करावेत आणि त्या तासांचे पैसे विद्यापीठाने द्यावेत. मराठी माध्यमाच्या मुलांना पहिल्या वर्षापासून इंग्रजी वाचनाचा तास वेळापत्रकात असावा, आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी वाचनाचा, कारण उद्या बँकेत आणि तहसिलीत त्यांच्यासमोर उभा राहणारा माणूस मराठीत बोलणार आहे. मंजूर किती होईल ते बघू. आमच्या तीन कॉलेजांतल्या काही जणांनी मात्र वाट न बघता काम वाटून घेतलंय. शेतमालाच्या बाजारावरचं प्रकरण माझ्याकडे आहे आणि त्यातलं पहिलं उदाहरण सोयाबीनचं आहे. प्रत्येक प्रकरण दोघांनी तपासायचं असं ठरलंय, एक भाषा जाणणारा आणि एक व्यवहार जाणणारा. बाजार समितीतले एक निवृत्त हिशेबनीस माझं प्रकरण वाचायला तयार झालेत. पहिल्या आठ पानांवर त्यांनी अडत आणि हमालीच्या आकड्यांत चार दुरुस्त्या सुचवल्या आहेत. भाषेसाठी माणूस अजून शोधते आहे.